सेवाकार्य संपत आलेल्या मुलीला मागे वळून पाहायला कसे सांगावे?

फत्तेगंजची आई, वडोदरा

प्रभू येशूच्या नावात सर्वांना सप्रेम सलाम.

आमची थोरली मुलगी बी.एड. झाल्यावर दोन वर्षांच्या सेवेसाठी डांग जिल्ह्यात गेली. आहव्याच्या पुढे आत असलेल्या एका गावी मुलींचे वसतिगृह आहे, तेथे ती राहते. पहाटेची प्रार्थना, संध्याकाळचा अभ्यास, आजारी मुलींना दवाखान्यात नेणे, धान्याचा हिशेब आणि रविवारी आसपासच्या पाड्यांवर उपासनेला जाणे असे तिचे काम. आमचे घराणे मूळचे अहमदनगरकडचे; घरात मराठी आणि शेजारी गुजराती, त्यामुळे तिला डांगी बोली लवकर उमगली आणि मुलींनीही तिला आपलेसे केले. मे महिन्याच्या मध्यावर तिची मुदत संपते.

हल्ली फोनवर तिचे बोलणे निघण्याच्या तयारीपलीकडे जात नाही. कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे द्यायच्या, नव्या ताई केव्हा येणार, वघईपर्यंत कोण सोडणार, एवढेच. मी “या दोन वर्षांत देवाने तुला काय शिकवले?” असे विचारले की “खूप काही शिकवले, आई” असे उत्तर येते आणि विषय संपतो. इकडे आप्तांनी नोकरीच्या जाहिराती आणि स्थळे आतापासून सुचवायला सुरुवात केली आहे. आमच्या पाळकसाहेबांनी तर ती परतल्यावरच्या पहिल्याच रविवारी तिची साक्ष, म्हणजे सेवेतला अनुभव मंडळीसमोर उभे राहून सांगणे, ठेवण्याचे ठरवले आहे. या साऱ्या गर्दीत शिरण्याआधी तिने शांतपणे मागे वळून पाहावे, देवासमोर बसून आपल्या सेवेचा विचार करावा, असे मला मनापासून वाटते. तिचे वडील म्हणतात, तिला तिच्यावर सोपव, ती आता लहान नाही.

आणखी एक गोष्ट मनात आहे. दिवाळीनंतर तिकडची पुष्कळ कुटुंबे सुरत आणि नवसारीच्या बाजूला ऊसतोडीला जातात. पहिल्या वर्षी अशाच एका कुटुंबाने आपल्या हुशार मुलीला वसतिगृहातून काढून सोबत नेले आणि ती पुन्हा आली नाही. तेव्हा माझी मुलगी फोनवर फार रडली होती आणि आपल्याला प्रार्थना करणे जमत नाही असेही म्हणाली होती. त्यानंतर त्या मुलीचे नाव तिने एकदाही काढलेले नाही. मला पत्र लिहायचे आहे, कारण फोनवर हे बोलणे होत नाही. त्या पत्रात काय लिहावे, आणि त्या मुलीचा विषय काढावा की काढू नये, हे जाणत्यांनी सांगावे.

निवृत्त पाळक, इंदूर

भगिनी, सलाम. तुमची तळमळ योग्य आहे. मात्र तिला वेळ द्यावा असे मला वाटते.

मार्काच्या सहाव्या अध्यायात प्रेषित सेवेहून परत येतात आणि आपण काय केले, काय शिकवले हे सारे येशूला सांगतात. त्यावर प्रभू त्यांना प्रश्न विचारत नाही आणि उपदेशही करत नाही. तो त्यांना एकांतात येऊन थोडा विसावा घ्यायला सांगतो, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. एलीयाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाल्यावर तो रानात एका झुडुपाखाली मरण मागत पडला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून पुन्हा खाऊ घातले. “एलीया, तू येथे काय करतोस?” हा प्रश्न त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून तो होरेबाला पोहोचल्यावर आला. दोन वर्षे परक्या लेकरांची आई होऊन राहिलेली मुलगी आतून किती थकली असेल याचा अंदाज फोनवरच्या आवाजावरून येत नाही.

म्हणून पत्राच्या आधी दुसरे एक काम करावे असे मी सुचवतो. तुम्ही आणि तिचे वडील दोघांनी पाळकसाहेबांना भेटून ती साक्ष पुढे ढकलायला सांगा. पौल आणि बर्णबा अंत्युखियास परतले तेव्हा त्यांनी मंडळीला एकत्र जमवून देवाने त्यांच्या हातून काय काय केले ते सांगितले हे खरे, पण त्याच प्रसंगाच्या शेवटी ते शिष्यांबरोबर तेथे बराच काळ राहिले असेही लिहिले आहे, आणि ते वाक्य आपण सहसा वाचून सोडून देतो. पाठवणाऱ्या मंडळीला वृत्तांत ऐकण्याचा हक्क आहे, तसेच परतलेल्याला आपल्यात राहू देणे हे तिचे कर्तव्यही आहे. माझ्या सेवेच्या काळात मी अशा पहिल्या रविवारच्या पुष्कळ साक्षी ऐकल्या. त्यांतल्या बहुतेक ऐकणाऱ्यांना काय आवडेल याचा अंदाज घेऊन दिलेल्या असत, आणि त्यात बोलणाऱ्यांचा दोष नव्हता.

त्या मुलीचा विषय तुम्ही काढू नये असे माझे मत आहे. जखम कोणती हे तिला ठाऊक आहे.

माजी सेविका, मकरपुरा, वडोदरा

पाळकसाहेबांचा मान राखून मी थोडे वेगळे सांगते. मी ओडिशातील कोरापुट भागात काही वर्षे सेवेत होते, आता येथे नोकरी करते.

विसावा घरी आल्यावर घ्यावा हे मान्य. मागे वळून पाहणे मात्र तेथे असतानाच सुरू व्हायला हवे, कारण घरी आल्यावर विचारायला माणसे उरत नाहीत. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात इस्राएल लोक यार्देन ओलांडतात तेव्हा स्मरणासाठी बारा धोंडे घेतले गेले, ते पैलतीरावरून उचललेले नव्हते. याजक पात्राच्या मध्यभागी उभे असताना, त्यांच्या पायांजवळून ते उचलायची आज्ञा होती. याजक बाहेर आले आणि नदी पूर्ववत वाहू लागली. पुढे एक क्षणही उशीर झाला असता तर ते धोंडे मिळाले नसते.

तुमच्या मुलीच्या बाबतीत ही नदी अगदी लवकर भरणार आहे. वार्षिक परीक्षा झाल्या की सुट्टीसाठी मुली आपापल्या पाड्यांवर जातील. म्हणजे तिची मुदत मेच्या मध्यावर संपत असली तरी ज्यांच्यासाठी ती गेली त्या मुली तिच्या निघण्याच्या कितीतरी आधी निघून जातील आणि शेवटचे दिवस ती रिकाम्या खोल्या झाडण्यात आणि यादीशी भांडी ताडून पाहण्यात घालवील. पत्र लिहायचे असेल तर ते परीक्षा संपण्यापूर्वी तिच्या हातात पडले पाहिजे. त्यात तिला सांगा की स्वयंपाक करणाऱ्या मावशींपाशी, रखवालदारापाशी, पाड्यावरच्या त्या घरांत, जेथे तिने नागलीची भाकर खाल्ली असेल, तेथे निरोप घ्यायला सवडीने जावे आणि बसावे. आपण त्यांना काय दिले याचा हिशेब सेवेतल्या प्रत्येकापाशी असतो. त्यांनी आपल्याला काय दिले हे मात्र त्यांच्या ओसरीवर बसल्यावाचून आठवत नाही.

“देवाने काय शिकवले” या प्रश्नाबद्दल थोडे सांगते. आम्हाला दरमहा प्रार्थनापत्र लिहावे लागे. वर्गणी देणारी माणसे ते वाचतात, त्यामुळे त्यात शाळेत नव्याने आलेली मुले असत, बरा झालेला रोगी असे, नाताळचा कार्यक्रम असे. खोटे काहीच नसे, पण ज्या घरी आम्हाला दारातूनच परत पाठवले, ज्या आठवड्यात आम्हा सहकाऱ्यांत अबोला होता, ज्या रात्री पवित्र शास्त्र उघडायलाही मन झाले नाही, यांपैकी काहीही त्यात येत नसे. काही काळाने मनाला तशीच सवय लागते आणि माणूस स्वतःशीही प्रार्थनापत्राच्या भाषेत बोलू लागतो. “खूप काही शिकवले, आई” हे उत्तर मला त्याच भाषेतले वाटते. तिला तुमच्यापासून काही लपवायचे आहे असे त्यावरून समजू नका. विचारणाऱ्याला काय द्यायचे याची तिला सवय झाली आहे, इतकेच.

म्हणून प्रश्न लहान आणि नेमके असावेत. कोणता शास्त्रभाग आता पूर्वीपेक्षा वेगळा वाचला जातो? कोणासाठी प्रार्थना सुरू केली आणि मध्येच थांबवली? कोणाचा राग अजून गेला नाही? कोणाची क्षमा मागायची राहिली आहे, आणि ती मागायला अजून वेळ आहे का? हा शेवटचा प्रश्न तेथे असतानाच कामाचा, वडोदऱ्यात पोहोचल्यावर तो नुसता बोचत राहतो. मात्र या प्रश्नांची उत्तरे तुम्हाला पाठवायची नाहीत हे पत्रात स्पष्ट लिहा. वही तिची, वाचणारा देव.

त्या मुलीविषयी मी विचारणार नाही, पण गप्पही राहणार नाही. तुम्ही तिच्यासाठी प्रार्थना करत असाल तर तेवढेच एका ओळीत, तिचे नाव घेऊन लिहा. करत नसाल तर आजपासून करा आणि मग लिहा.

ग्वाल्हेरचा एक कॅथलिक

आमच्याकडे यासाठी एक जुनी रीत आहे, ती येथे कामी येईल असे वाटते. संत इग्नेशियस लोयोला १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने जखमी झाले आणि घरी अंथरुणाला खिळून राहिले. वेळ जावा म्हणून ते कधी शौर्याची आणि दरबारातल्या मानाची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही विचार चालू असताना सुखच देत, परंतु पहिल्या विचारानंतर मन कोरडे पडे आणि दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही, हे त्यांच्या हळूहळू लक्षात आले. काय करताना बरे वाटले यापेक्षा ते संपल्यावर मनात काय उरले, ते पाहण्याची ही दृष्टी पुढे त्यांच्या सर्व शिकवणीचा पाया झाली.

तिच्यातूनच विवेकपरीक्षणाची प्रार्थना आली. प्रथम दिवसाबद्दल देवाचे आभार मानायचे, मग स्वतःला खरे पाहता यावे म्हणून प्रकाश मागायचा, नंतर दिवस प्रहराप्रहराने आठवायचा, चुकले तेथे क्षमा मागायची आणि शेवटी उद्यासाठी कृपा मागायची. आभार सर्वांत आधी आहेत, ते का, हे करून पाहिल्यावर कळते. आधी चुका मोजायला बसलेला माणूस दोन मिनिटांत स्वतःचा वकील होतो किंवा स्वतःचा न्यायाधीश, आणि दोन्ही वेळा प्रार्थना बाजूला राहते. दिवसासाठी असलेली हीच रीत दोन वर्षांसाठीही वापरता येईल. एका बैठकीला एक ऋतू घ्यावा: पहिला पावसाळा, पहिला नाताळ, होळीपूर्वीचा आहव्याचा डांग दरबार, ऊसतोडीला गेलेल्या घरांचे रिकामे पाडे. डांगात तारखांपेक्षा ऋतूंनी आठवणे सोपे जाईल.

इग्नेशियसांचा आणखी एक नियम तिच्यापेक्षा तुम्हा आईवडिलांना अधिक उपयोगी आहे. मन उदास आणि देव दूर गेल्यासारखा वाटत असताना आधी केलेला निश्चय बदलू नये, असे ते बजावतात. सेवा संपवून आलेल्याला पहिले काही आठवडे ही उदासी बहुधा येतेच. त्या काळात स्थळ बघणे, नोकरी धरणे, “पुन्हा कधीच सेवेत जाणार नाही” किंवा “आयुष्यभर सेवेतच राहणार” असे जाहीर करणे, यांतले काहीही तिच्याकडून करवून घेऊ नका.

बाबा, इंदूर

सर्व उत्तरे चांगली आहेत, पण ती परतल्यावर उपासनेला येत राहीलच असे प्रत्येकाने गृहीत धरलेले दिसते. आमचा मुलगा सेवेहून आला आणि पुढे कित्येक महिने उपासनेलाच आला नाही. लोक मला विचारत, मी त्यांना सांगे की तो घरी आहे आणि मजेत आहे. त्याच्याशी बोलणे झाले ते इथल्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, उशिरा, खाऊन झाल्यावर, आणि तेही त्याने सुरू केले म्हणून. मी एकही शास्त्रवचन सांगितले नाही. योहान मार्क पंफुल्याहून अर्ध्या कामातून यरुशलेमेला परतला, त्याच्यावरून पौल आणि बर्णबा एकमेकांपासून वेगळे झाले, आणि तरीही पुढे तुरुंगातून पौलच त्याला घेऊन ये म्हणून लिहितो, हे माझे मला आठवत होते, तेवढे पुरले. मधल्या काळात मार्काच्या आईने त्याला काय विचारले हे शास्त्रात नाही. तिच्या घरी मंडळी प्रार्थनेला जमत असे एवढेच आहे.

फत्तेगंजची आई, वडोदरा

सर्वांचे मनापासून आभार. पाळकसाहेबांना आम्ही दोघे जाऊन भेटलो. साक्ष पुढे ढकलायला त्यांनी आनंदाने संमती दिली आणि तारीख तिनेच सुचवावी असे सांगितले. पत्राचा मसुदा खाली देत आहे, काही चुकत असेल तर अवश्य सांगावे.

“प्रिय बाळ, तुझी परीक्षेची गडबड चालू असेल, म्हणून हे पत्र एका बैठकीत वाचलेच पाहिजे असे नाही. मुली घरी जाण्यापूर्वी रोज संध्याकाळी थोडा वेळ स्वतःसाठी काढता आला तर काढ. देवाचे आभार मानून सुरुवात कर आणि एकेका ऋतूची आठवण काढ. तू गेलीस तो पावसाळा आधी घे, कारण तेव्हा रस्ता वाहून गेल्यामुळे आठवडाभर तुझा फोन लागला नव्हता आणि तो आठवडा तू कसा काढलास हे आम्हाला कधीच कळले नाही. कोणी तुला शिकवले, कोणी दुखावले, कोणाला तू दुखावलेस, कोणती प्रार्थना अर्धी राहिली, हे जमेल तसे वहीत लिही. ती वही मी मागणार नाही. स्वयंपाकाच्या मावशींच्या घरी एकदा जेवायला जा आणि त्यांना माझा सलाम सांग. तुझ्या त्या लहान मैत्रिणीचे नाव मी रोज प्रार्थनेत घेते. तुझ्या वडिलांनी स्थळे सुचवणाऱ्यांना पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितले आहे, आणि मंडळीतली साक्षही तू म्हणशील तेव्हाच होईल. सत्तर शिष्य सेवेहून आनंदाने परत आले तेव्हा भुते आपल्याला वश झाली याचा आनंद करू नका, तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत याचा करा, असे प्रभूने त्यांना सांगितले होते. तुझे नाव तू जाण्यापूर्वीही तेथे होते. घरी आल्यावर आम्हाला सारे मोकळेपणाने सांग, म्हणजे आमच्याही विश्वासाला बळ मिळेल. तुझी आई.”

माजी सेविका, मकरपुरा, वडोदरा

पत्र फार चांगले उतरले आहे, विशेषतः फोन न लागलेला तो आठवडा. तुमची मुलगी पत्र हातात पडल्यावर वहीत त्याच आठवड्यापासून सुरुवात करील असे मला वाटते.

दोन बदल सुचवते. “आमच्याही विश्वासाला बळ मिळेल” हे शेवटचे वाक्य संपूर्ण काढावे. वही मागणार नाही असे वर लिहून खाली तुम्ही प्रार्थनापत्रच मागत आहात, आणि तुमच्या विश्वासाला बळ देण्याचे कामही पुन्हा तिच्यावरच येते. तिच्या हाती सांगण्यासारखे बळ नसेल तर ती तुमच्यासाठी ते कोठून तरी जुळवून आणील, इतकी गुणी ती नक्कीच असणार. दुसरे, “लहान मैत्रीण” म्हणू नका. त्या मुलीचे नाव लिहा.

आणि पत्र टपालाने पाठवत असाल तर या आठवड्यातच पाठवा.